सोलापुरात नवीन आलाय? इथलं कसं होऊन जायचं, एकेक पायरी

हे लिहितेय ते बाहेरून सोलापुरात राहायला आलेल्यांसाठी. इंडी-अफझलपूरकडनं बांधकामाला आलेले, तेलंगणातनं कारखान्यात कामाला आलेले, यूपी-बिहारची पीओपी, रंगकाम, फरशीवाली पोरं, धाराशिव-लातूरकडनं पोरांच्या शिक्षणासाठी खोली करून राहिलेली कुटुंबं, सगळेच. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला शेजारच्यानं वाचून दाखवावं, म्हणून मुद्दाम बोलल्यासारखंच लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे गाव बाहेरून आलेल्यांनीच मोठं केलंय. १८७७ ला इथं कापडाची पहिली मिल निघाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो, आणि त्याच्या आसपास आणि नंतर सुद्धा करीमनगर, वरंगल, नलगोंडा भागातले पद्मशाली विणकर निजामाच्या मुलखातनं इकडं येत राहिले. हातात होतं काय तर विणायचं कसब आणि आधी आलेल्या एखाद्या नातेवाईकाचा पत्ता. आज अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक हा जो पूर्व भाग आहे तो त्यांनीच वसवला, आणि ज्या सोलापुरी चादरीला पुढं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ती चादर त्यांच्याच मागावर विणली गेली. माझं घर तिथलंच. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भाजीवाल्या अक्कांबरोबर मोडकंतोडकं कन्नड आणि टेलरच्या दुकानात दखनी म्हणजे इकडची उर्दू, असंच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळं 'आपण बाहेरचे' म्हणून खाली मान घालून चालायची काही गरज नाही.

पण नुसतं येऊन राहिलं म्हणून कुणी इथलं होत नाही, हे पण तितकंच खरंय. मी जे बघत आलेय ते असं, की गावची माणसं तुम्हाला सोलापूरपर्यंत आणतात, पहिली खोली देतात, पहिलं काम लावून देतात, आणि तिथंच त्यांची ताकद संपते. त्यांच्यापलीकडं ओळख वाढवली नाही तर दहा वर्षांनी पण तुम्ही त्या गल्लीत 'ते बाहेरचे' म्हणूनच राहता. आपल्या जातीचं नाही, गावचं नाही, भाषेचं नाही असं एक तरी घर तुम्हाला नावानं ओळखायला पाहिजे. पुढं सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या त्या घरापर्यंत पोचायच्या आहेत.

पायरी १ : आपल्या माणसांचा आधार घ्या, पण हिशोब लिहून

पहिले काही आठवडे आपल्याच माणसांत राहा, त्यात काही चुकीचं नाही. कुठली खाणावळ परवडते, कुठला मुकादम पैसे बुडवतो, आजारी पडलं तर कुठं जायचं, हे तेच सांगणार. दुसरं कोण सांगणार?

फक्त उचल जपून घ्या. आपलाच माणूस आहे, गावचा आहे, म्हणून दहा-वीस हजार हातात घेतले जातात आणि मग ते फिटेपर्यंत दुसरीकडं जास्त मजुरी मिळत असली तरी जाता येत नाही, जायचं म्हटलं की गावाकडं आईबापाला फोन जातो. आपल्या माणसांची ओळख म्हणजे आधार असतो तसाच तो लगाम पण असतो, आणि हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतेय. किती घेतले, कधी घेतले, किती कापले, एका वहीत लिहा आणि प्रत्येक वेळी समोरच्याची सही घ्या. सही देत नसेल तर निदान 'आज इतके दिले' असा मेसेज त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा. कामाचे दिवस पण असेच रोजच्या रोज मांडून ठेवा, मजुरी अडली की हीच वही उपयोगाला येते.

आणि आपल्याकडं काय काय आहे याची पण एकदा नीट उजळणी करा. माणूस गावाकडनं रिकाम्या हातानं येत नाही. कुणाला फरशी बसवता येते, कुणाला मागाच्या जकार्डवर डिझाईन बसवायची माहितीय, कुणाच्या हातात शिलाई आहे, कुणाला भजन म्हणता येतं, ढोल वाजवता येतो, कुस्ती येते, शंभर माणसांचा स्वयंपाक येतो. हे सगळं इथं चालतं, आणि कामाच्या ठिकाणापेक्षा गल्लीत जास्त चालतं. ते कसं ते सण-वाराच्या पायरीत सांगते.

पायरी २ : खोली, आणि नळाचं पाणी

खोलीचं आधी. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा हा महाराष्ट्रातला कायदाच आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते, त्यामुळं करार मागायला लाजू नका. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला दिली जाते, त्याला पण घाबरायचं काही कारण नाही, उलट आपलं नाव कुठंतरी कागदावर आलं. हाच करार पुढं आधारचा पत्ता बदलायला, बँकेला, गॅसला लागतो.

आता कडू बोलते. काही ठिकाणी आडनाव विचारून, धर्म विचारून, मटण खाता का विचारून खोली नाकारतात. असलं वागणं चूकच आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण खोली तर आजच पाहिजे असते, तेव्हा काय उपयोगी पडतं ते सांगते. एकट्यानं जाऊन विचारण्यापेक्षा त्या गल्लीतलाच कुणीतरी, किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, तुमच्या कारखान्यातला जुना कामगार, यापैकी एकाला सोबत न्या. 'माझ्या ओळखीचा आहे, मी बघतो' एवढं एक वाक्य त्यानं बोललं की मालकाचा सूर बदलतो. असा एक माणूस मिळवायला वेळ लागतो, म्हणूनच पहिली खोली आपल्या माणसांजवळ आणि दुसरी जरा लांब, मिसळलेल्या गल्लीत बघा असं मी सगळ्यांना सांगते.

आणि पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणातनं पाणी येतंय खरं, पण शहरात काही दिवसांआड सुटतं, प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, वेळ वेगळी, आणि मध्येच पाइपलाइन फुटली की तो दिवस पण पुढं ढकलला जातो. ही सगळी माहिती शेजारच्या बाईकडं असते. चावी सोडणाऱ्याला तिचा पोरगा ओळखत असतो, आज पाणी पहाटे चारला येणार की रात्री अकराला हे तिला कळलेलं असतं, आणि पाणी आलं की ती दारावर थाप मारते, किंवा मारत नाही. ती मारेल की नाही हे तुमच्यावर आहे. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्या चार दारांवर जा, नाव सांगा, कुठनं आलो सांगा, आणि 'पाणी कधी सुटतंय ओ काकू?' एवढं विचारा. बोलणं सुरू करायला सोलापुरात यापेक्षा चांगला प्रश्न नाही. मग त्यांचा बॅरल सरकवायला हात लावा, वरच्या मजल्यावर सिलेंडर नेऊन द्या. तुम्ही रात्रपाळीला असाल आणि पाणी आलं तर तुमचा बॅरल भरून ठेवणारं घर हेच, आणि मी मघाशी ज्या एका घराबद्दल बोलले ते बऱ्याचदा इथंच सापडतं. पाण्यावरनं भांडणं पण होतात, मोटर लावली, पाइप आमच्या बाजूला टाकला वगैरे. नव्या माणसानं पहिलं वर्षभर तरी त्यात कुणाची बाजू घेऊ नये.

पायरी ३ : कागदं

यात मी फार रेंगाळणार नाही, मुद्द्याचं तेवढं सांगते.

रेशन : तुमचं अन्नसुरक्षेचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचं असो की दुसऱ्या राज्याचं, त्यात आधार जोडलेलं असेल तर सोलापुरातल्या रेशन दुकानात अंगठा लावून तुमचं धान्य मिळायला पाहिजे. कार्ड बदलून आणा म्हणत असतील तर 'एक देश एक रेशनकार्ड' म्हणून सांगा. घरातली निम्मी माणसं गावाकडं असतील तर थोडं तिकडं, थोडं इकडं असं पण उचलता येतं. दुकानदार पहिल्यांदा टाळाटाळ करेल, गल्लीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला सोबत घेऊन जा.

ई-श्रम : हे असंघटित कामगारांचं सरकारी कार्ड, पीएफ, ईएसआय नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला काढता येतं. बांधकामावर असाल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा, वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दुसऱ्या राज्यातले असलात तरी चालतं. या नोंदणीवर मुलांना शिष्यवृत्ती मिळते. एजंट हजारो रुपये मागतात, देऊ नका, एखादी कामगार संघटना किंवा आधी नोंदणी झालेला मिस्त्री फॉर्म भरायला मदत करतो.

मतदार यादी : पत्ता बदलायला नमुना ८. लोक म्हणतात मत गावाकडंच राहू दे, पण गटार तुंबल्यावर नगरसेवकाकडं जायचं असेल तर नाव इथल्या यादीत असणं चांगलं. तो पण माणूस यादी बघूनच ओळख देतो.

मजुरी बुडवली, अपघात झाला, पोलिसांनी उगाच त्रास दिला, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना तर उत्पन्नाची अट पण नाही. फोन नंबर १५१००.

पायरी ४ : भाषा

मराठी शिका. पुस्तक घेऊन नाही, व्यवहारातनं शिका. आधी आकडे आणि भाव, मग दवाखान्यातली दुखणी, मग शाळेतलं बोलणं. तुमचं व्याकरण कसं का असेना, सोलापूरकर त्याला हसत नाहीत, कारण आमची स्वतःचीच मराठी पुण्याच्या लोकांना वेगळी वाटते. इथल्या बोलण्यात कन्नडचा हेल आहे, तेलुगूची चाल आहे, दखनीचा ठसका आहे. ज्याची मातृभाषा कन्नड किंवा तेलुगू आहे त्याला तर इथं अर्धं काम आयतंच होतं. बाजारात तुमच्या भाषेत उत्तर देणारं कुणी ना कुणी निघतंच.

माणसाला काय म्हणून हाक मारायची एवढं मात्र लवकर शिकून घ्या. वयानं मोठ्या माणसाला अण्णा, मामा, काका, बायकांना अक्का, मावशी, काकू, मुस्लिम घरात चाचा, भाभी, आपा. नुसतं 'ओ' म्हणून हाक मारली तर लोक वळतात, पण थांबत नाहीत.

आपली भाषा सोडू मात्र नका. हे कळकळीनं सांगतेय, कारण पूर्व भागात आता अशी घरं झालीत की आजीला मराठी नीट बोलता येत नाही आणि नातवाला तेलुगू येत नाही, दोघं एका खोलीत बसून टीव्ही बघतात. घरात आपली, दारात मराठी, शाळेत शाळेची. पोरांना तीन-चार भाषा जड जात नाहीत, पिढ्यान् पिढ्या आम्ही हेच करत आलोय.

सोलापूरचा एक माणूस परमुलखात जाऊन तिथलाच झाला, त्याचं नाव इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातनं चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. हातात कसब होतं, भाषा शिकून घेतली, आणि लोकांच्या अडचणीत ते पळून गेले नाहीत. तिकडं आजही त्यांचं नाव घेतात.

पायरी ५ : पोरांची शाळा

गावाकडनं दाखला आला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणं वर्गात बसवायलाच पाहिजे, दाखला मागनं आला तरी चालतो, जन्माचा दाखला नाही म्हणून पण अडवता येत नाही. महापालिकेच्या शाळा इथं मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांत चालत आल्यात. कुठलं माध्यम घ्यायचं ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर कायमचं राहायचं असेल तर मराठी माध्यम, सहा महिन्यांनी परत जायचं असेल तर जमेल तिथं आपल्या भाषेचं. तसं २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्याच शाळांत मराठी विषय शिकवणं सक्तीचं झालंय.

याच्या पुढचं सांगते ते कुणीच करत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला पाहिजेत. बहुतेक ठिकाणी नावं भरायला माणसं मिळत नाहीत. तुम्ही जा. मराठी कच्ची असली तरी जा. पोषण आहारात आज काय शिजलं, संडासाला दार आहे का, एवढं जरी विचारलंत तरी मुख्याध्यापक तुम्हाला नावानं ओळखायला लागतात, आणि मग बँकेत, दवाखान्यात, कुठं ओळखपत्रावर सही पाहिजे असेल तर जायला एक दार उघडं असतं. शाळेच्या गेटवर पोरांना न्यायला उभं राहणाऱ्या आया पण कमी समजू नका. घरकाम कुठं मिळतं, कुठला डॉक्टर पैसे कमी घेतो, कुठल्या शिलाई युनिटमध्ये युनिफॉर्मची ऑर्डर आलीय आणि बायका पाहिजेत, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत कळतं.

लहान पोर असेल, बाळंतपण जवळ असेल तर गल्लीतली अंगणवाडी सेविका आणि आशा ताई या दोघींना आधी गाठा. लसीच्या डोसाचं कार्ड गावाकडचं असलं तरी जपून ठेवा.

कॉलेजच्या मुलांनी अभ्यासिका बघाव्यात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी जागा आहे, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं आहेत. पण आपल्याच समाजाच्या बोर्डिंगात राहून, आपल्याच पोरांबरोबर जेवून, आपल्याच ग्रुपमध्ये फिरून पाच वर्षं काढणारी मुलं मी बघितलीत, शहर सोडून जाताना त्यांना सोलापूरचं एकसुद्धा घर माहीत नसतं.

पायरी ६ : सण, यात्रा, तालीम

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरची यात्रा असते, आम्ही गड्ड्याची यात्रा म्हणतो. सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडं आहे आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून अक्षता टाकायला कुणीच कुणाला जात-भाषा विचारत नाही. पहिल्या वर्षी नुसतं बघा. दुसऱ्या वर्षी आपल्या चौकात पाणी वाटणारे, प्रसाद वाटणारे कोण असतात ते शोधा आणि त्यांच्यात उभं राहा.

याच दिवसांत, १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांना अभिवादन असतं. १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली. नावं एकदा नुसती मोठ्यानं वाचून बघा. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. सोलापूर कुणाचं आहे असं कुणी विचारलं तर मी याच चार नावांकडं बोट दाखवते. तुमच्या पोरांना या चौघांच्या पुतळ्यांपाशी एकदा घेऊन जा.

पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात तेलुगू बायकांचा बतुकम्मा हा फुलांचा सण असतो, एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती, ती सोलापुरात किती मोठी होते ते बघितल्याशिवाय कळत नाही, मोहरमला पंजे बसतात तिथं हिंदू घरातली माणसं पण नवस घेऊन येतात. गावाकडं तुमच्याकडं वेळ अमावस्येला शेतात जेवण असतं? इथं आसपासच्या तालुक्यांत पण असतं. कारखान्यातल्या कुणी 'शेतात जेवायला चल' म्हटलं तर खाडा झाला तरी जा. अशा आमंत्रणाला नाही म्हटलं की पुढच्या वर्षी कुणी बोलवत नाही.

आणि गणपती. टिळकांनी सार्वजनिक उत्सव सुरू करायच्या आधीपासून शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती बसतो असं आम्ही अभिमानानं सांगतो. इथल्या मिरवणुकीची शान म्हणजे लेझीम. प्रत्येक भागात तालीम, मंडळं आहेत आणि विसर्जनाच्या आधी कितीतरी दिवस रोज रात्री मैदानात सराव चालतो. नव्या पोराला हाच सगळ्यात सोपा दरवाजा आहे. पहिल्या रात्री कडेला उभं राहायचं. कुणीतरी विचारतंच, 'काय बे, येतोस का?' मागच्या रांगेत उभं करतात, पुढच्याच्या पायाकडं बघत पाऊल टाकायचं, हलगीचा ठेका बदलला की सगळे एकदम खाली बसतात आणि नवखा एकटा उभाच राहतो, मग शेजारचा दंडाला धरून खाली ओढतो आणि तसाच पुढं नाचत राहतो. त्या गडबडीत भाषा लागत नाही, गाव लागत नाही. दोन-चार रात्री घाम गाळला की चहाला हाक येते, आणि चहावर काम कुठं करतोस, कुठं राहतोस ही चौकशी होते, आणि मग कधीतरी त्याच चौकशीतनं कुणाच्या तरी मामाच्या कारखान्यात जागा निघते.

इथं एक धोका सांगून ठेवते. वर्गणीपासून सुरुवात करू नका. नवा माणूस पैसे टाकून नाव लावायला गेला की लोक पैसे घेतात आणि नाव विसरतात. कामापासून सुरुवात करा. तुम्ही वायरमन असाल तर मंडपाची लायटिंग, रंगारी असाल तर कमान, आचारी असाल तर महाप्रसाद. पहिल्या पायरीत उजळणी करायला सांगितलेलं कसब आता काढा. दुसरं म्हणजे मंडळात पक्ष, गट, भांडणं असतात, दारू असते. जिथं रात्री बारानंतर गप्पांचा सूर बदलतो तिथनं उठून घरी यायचं, आणि कुणी दुसऱ्या धर्माच्या गल्लीवरनं घोषणा द्यायला सांगितलं तर त्या रांगेतनं बाहेर पडायचं. कामाला आलेल्या माणसाला दंगलीची केस परवडत नाही, आणि तिकडच्या गल्लीत पण आपल्यासारखीच माणसं राहतात.

आपला सण पण लपवून करू नका. छठ असो, उगादी असो, उरूस असो, शेजारच्या चार घरांत ताट द्या. ताट रिकामं परत येत नाही, त्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, नाहीतर शेंगाची पोळी येते.

पायरी ७ : बायकांसाठी

पुरुषांना कामावर माणसं भेटतात, बाई मात्र खोलीत एकटी पडते, विशेषतः नवीन लग्न होऊन आलेली. नवऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय, तिला एकटीनं बाजारात जाऊ द्या, मंगळवार बाजारात एकदा स्वतःहून भाव करून आली की तिचा धीर वाढतो.

संक्रांतीपासनं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. बोलावणं येईल तिथं जावं, आणि आपण पण करावं, वाण म्हणून पाच रुपयांची वस्तू चालते. मात्र आपण करताना विधवा, एकट्या राहणाऱ्या, सोडलेल्या बायकांना पण बोलवा. जुन्या घरांत अजून टाळतात. तुम्ही नवीन आहात, तुमच्यावर त्या रिवाजाचं ओझं नाही, सुरुवात करून टाका.

भिशीपेक्षा बचत गट बघा. भिशीत ओळख वाढते हे खरंय, पण पैसे घेऊन पसार झालेल्या बाईची गोष्ट प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळते. बचत गटाचं बँकेत खातं असतं, हिशोबाची वही असते, दहा-पंधरा बायका दर महिन्याला एकत्र बसतात.

माझ्या आजीनं आयुष्यभर बिड्या वळल्या. पान आणि तंबाखू घरी आणायचा, वळायच्या, बिडी कारखान्याच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथं खराब म्हणून काढून टाकतील तेवढ्याचे पैसे नाहीत. एकटी बाई तिथं काही बोलू शकायची नाही. पण ब्रँचच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींना ओळखत होत्या, लाल बावट्याखाली एकत्र आल्या, कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांची १०,००० घरं उभी राहिली. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. पुढं त्याच कुंभारीला रे नगर ही कामगारांची दुसरी वसाहत झाली, तिथली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली. त्या बायकांतल्या कितीजणींना सही सुद्धा येत नव्हती. त्यांच्याकडं होती ती रांगेतली ओळख आणि एकमेकींवरचा विश्वास. तुम्ही शिलाई युनिटमध्ये असा, धुणीभांडी करा, नाहीतर बांधकामावर पाट्या उचला, आपल्यासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या बाईशी मैत्री करा, घरकुलाचा फॉर्म कधी सुटला ते तिच्याकडनंच कळेल.

पायरी ८ : गावाकडं जाताना

शेतीच्या हंगामाला, लग्नसराईला दोन-तीन महिने गावी जायचं असतं तेव्हा लोक रात्रीतनं कुलूप लावून निघून जातात आणि इथं जोडलेलं निम्मं तिथंच तुटतं. मालकाला, कारखान्यात, शाळेत सांगून जा. पोराला सोबत नेणार असाल तर शाळेतनं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे गावाकडच्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर वर्ष बुडत नाही. रेशन त्या महिन्यांत गावाकडं उचला. किल्ली शेजारी ठेवा, भाड्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला पाठवा, मध्ये एखादा फोन करून पाऊस-पाण्याची चौकशी करा. येताना गावाकडचं काहीतरी आणा, नव्या ज्वारीची पिशवी, चिंच, गूळ, जे घरचं असेल ते, आणि आल्याच्या संध्याकाळीच देऊन या, उद्यावर टाकलं की राहून जातं.